आधी टाकी मोजली, मग लेन्स घेतली : नेरूळच्या एका रीफ टँकचं प्रकरण

नेरूळला राहणाऱ्या एका ताईंच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याचा टँक आहे. लांबी ९० सेंटिमीटर, उंची ४५ आणि समोरच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत ४५. काच १० मिलिमीटर जाडीची. आत लाइव्ह रॉकची, म्हणजे समुद्री जीव वसलेल्या खडकांची, दोन टेकाडं, त्यांवर झोअँथिड (फुलासारख्या छोट्या जीवांची वसाहत करणारे, कोरलचे मऊ भाऊबंद), मशरूम आणि लेदर कोरल. क्लाउनफिशची एक जोडी, एक जांभळा-पिवळा रॉयल ग्रामा आणि खडकाच्या कपारीत राहणारी क्लीनर कोळंबी. ताई शाळेत विज्ञान शिकवतात. पाणी कधी बदललं, क्षारता किती होती, कुठलं कोरल कधी मिटून बसलं, सगळं त्या तारखेसकट वहीत लिहितात. झोअँथिडची वसाहत पसरली की तिचे छोटे तुकडे, फ्रॅग, करून ठाणे, डोंबिवली, पनवेलच्या हौशी लोकांना देतात. त्यातून टँकच्या मिठाचा आणि विजेचा खर्च बराचसा निघतो.

अडचण फोटोंची होती. फ्रॅग घेणारा आधी व्हॉट्सॲपवर फोटो मागतो. ताई टँकचे निळे एलईडी चालू असताना मोबाइलने फोटो काढून पाठवायच्या. मग घेणाऱ्याचा फोन यायचा, “ताई, फोटोत केशरी होतं हो, माझ्याकडे आल्यावर विटकरी दिसतंय.” हे त्यांना फार लागायचं. चुकीचा फोटो देणं म्हणजे चुकीचा माल देणं, असं त्यांचं सरळ म्हणणं, आणि मला ते शंभर टक्के पटतं. शिवाय प्रत्येक वसाहतीची वाढ दर महिन्याला त्याच जागेवरून टिपायची होती. किती पॉलिप (वसाहतीतले एकेक जीव) वाढले, कुठला फिका पडला, हे फोटोवरून मोजता यायला हवं होतं.

इथेच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण असे फोटो पाहणारे हमखास विचारतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळभित्ती बांधणारी सगळी कठीण कोरल, काळं कोरल, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि सी फॅन येतात. आपल्या समुद्रातून ती काढणं आणि विकणं हा गुन्हा आहे. मुंबईच्या कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या प्रवाळ वसाहती रीतसर परवानगी काढून हलवाव्या लागल्या, त्या या संरक्षणामुळेच. ताईंच्या टँकमध्ये यातलं काहीही नाही. झोअँथिडचा गट वेगळा. त्यांचे भाऊबंद मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या डबक्यांत सहज दिसतात, पण ताईंनी तिथून कधी काही उचललेलं नाही. मूळ वसाहती दुकानातून बिलासह आलेल्या आहेत.

घरात काय होतं

ताई आणि त्यांचे यजमान दोघेही फ्लेमिंगोंच्या मागे वेडे. ठाणे खाडीचा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ही दोघं सुट्टीच्या दिवशी एकतर नेरूळच्या पाणथळीवर नाहीतर ऐरोलीच्या बोटीत. त्यामुळे कॅमेरा चांगला होता : कॅनन ८०डी. सोबत १८-१३५ मिलिमीटरची लेन्स आणि पक्ष्यांसाठी सिग्माची १५०-६०० (हे आकडे फोकल लांबीचे; आकडा मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं).

यजमानांचं पहिलं म्हणणं, “सहाशे आहे ना घरात. सोफ्यावर बसूनच काढू.” लांबची लेन्स जवळचंही मोठं दाखवणार, हा समज सगळीकडे आहे. पण १५०-६०० ला किमान २.८ मीटर अंतर लागतं, आणि तेवढं दिलं तरी ती वस्तूची प्रतिमा सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराच्या पाचव्या हिश्श्याएवढीच पाडते. हॉलच्या समोरच्या भिंतीला पाठ टेकवूनसुद्धा २.८ मीटर भरेना. भरले असते तरी मधल्या सगळ्या हॉलचं प्रतिबिंब काचेत आलं असतं. तो विषय तिथेच मिटला.

नवीन लेन्ससाठी तीस हजार बाजूला काढले होते. ताईंच्या मनात कॅननची ६० मिलिमीटरची मॅक्रो, म्हणजे छोट्या वस्तू जवळून मोठ्या टिपणारी लेन्स, होती. कारण साधं : टाकी तर हाताशी आहे, मग छोटी, हलकी लेन्स पुरेल. दुकानदार १०० ची घ्या म्हणत होता, पण का, ते त्याने सांगितलं नव्हतं. “दादा, तो महागातली म्हणून खपवतोय का?” असं त्यांनी मला विचारलं. त्या क्षणी माझ्याकडेही उत्तर नव्हतं, कारण कोरल काचेपासून किती आत आहे ते मला माहीत नव्हतं. मी त्यांना कॅमेरा बाजूला ठेवायला सांगितलं आणि फूटपट्टी मागितली.

मोजमाप

मॅक्रो लेन्सच्या डब्यावर १:१ लिहिलेलं असतं. म्हणजे १ सेंटिमीटरची वस्तू सेन्सरवरही १ सेंटिमीटर येते. ६० आणि १०० दोन्ही १:१ च्या. कागदावर बरोबरीच्या. फरक असा, की हा १:१ मिळवण्यासाठी ६० च्या लेन्सचं तोंड वस्तूपासून साधारण ९ सेंटिमीटरवर न्यावं लागतं आणि १०० चं साधारण १५ सेंटिमीटरवर. याला वर्किंग डिस्टन्स म्हणतात. जाहिरातीत दिसतं ते किमान फोकस अंतर वेगळं. ते कॅमेऱ्यातल्या सेन्सरपासून मोजतात, ६० साठी २० सेंटिमीटर आणि १०० साठी ३१. बागेतल्या फुलाचा फोटो काढताना या फरकाने फार बिघडत नाही, आपण पुढे सरकतो. टँकसमोर काच आडवी येते. लेन्स काचेला टेकली की पुढची वाट बंद. तिथून आत कोरल किती दूर आहे, त्यावर सगळं ठरतं.

पीव्हीसीच्या एका पांढऱ्या पट्टीवर खुणा करून ती वरून पाण्यात सोडली आणि काचेपासूनची अंतरं घेतली. फ्रॅग ठेवायची जाळी १० सेंटिमीटर आत. झोअँथिडची मुख्य वसाहत, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, २४ सेंटिमीटर आत. लेदर कोरल ३६ सेंटिमीटर आत, जवळजवळ मागच्या काचेशी.

आता पाणी आपल्याला थोडी मदत करतं. पाण्याचा अपवर्तनांक १.३३. काचेतून सरळ पाहिलं की आतली वस्तू खऱ्या खोलीच्या पाऊण अंतरावर भासते, आणि लेन्सही तिथेच फोकस करते. २४ सेंटिमीटर आतली वसाहत १८ वर भासते. १० मिलिमीटरची काच त्यात आणखी ७ मिलिमीटरची भर घालते. म्हणजे लेन्स काचेला टेकवली तर फ्रॅगची जाळी भासमान ८ सेंटिमीटरवर, वसाहत पावणेएकोणीसवर, लेदर पावणेअठ्ठावीसवर.

हे तीन आकडे कागदावर आले आणि पुढचा वाद संपला. ६० ची लेन्स जाळीवरच्या फ्रॅगला पूर्ण १:१ देते. पण वसाहतीपर्यंत पोचेस्तोवर ती ०.४ पटीवर घसरते, आणि लेदरजवळ पाव पटीवर. १०० ची लेन्स वसाहतीला ०.८ पटीच्या जवळ देते, लेदरला जवळपास निम्मी. हे ढोबळ हिशेब आहेत, कारण आतली भिंगं सरकवून फोकस करणाऱ्या लेन्सची फोकल लांबी जवळ येताना थोडी कमी होत जाते. पण दिशा पक्की.

०.४ आणि ०.८ मधला फरक किती, तो पॉलिपवर पाहू. ताईंच्या झोअँथिडचा उघडा पॉलिप १२ मिलिमीटर रुंद. ८०डी चा सेन्सर २२.५ मिलिमीटर रुंद, त्यात आडवे ६००० पिक्सेल. ०.४ पटीला पॉलिप जेमतेम १३०० पिक्सेलांचा होतो, ०.८ ला साडेपंचवीसशेचा. कडेच्या झालरीतला एकेक तंतू, मधल्या तोंडाभोवतीचं रंगाचं कडं, त्यातले ठिपके, हेच पाहून माणूस झोअँथिडची जात ओळखतो आणि पैसे मोजतो. तो तपशील कमी पिक्सेलांत दाटीवाटीने आला की सगळा रंग एकमेकांत मिसळून जातो.

स्वस्तातले दोन मार्ग होते. तेही मोजूनच बाजूला केले, पण त्यांना नावं ठेवायची माझी इच्छा नाही. पहिला, ५० मिलिमीटरच्या एफ/१.८ लेन्सला २५ मिलिमीटरची एक्स्टेंशन ट्यूब, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्यामधे बसणारी पोकळ नळी. ट्यूबची लांबी भागिले फोकल लांबी, म्हणजे अर्ध्या पटीची भर. मूळची ०.२१ धरून ०.७ च्या वर जाते, मॅक्रोच्या पाव किमतीत. पण ट्यूब लावली की लेन्सचा फोकस एका अरुंद पट्ट्यात अडकतो. या जोडणीत तो पट्टा जेमतेम ३ सेंटिमीटरचा, पाण्यात ४ सेंटिमीटरचा, आणि तोही वसाहतीच्या बराच अलीकडे संपतो. दुसरा, लेन्सच्या तोंडावर चिमट्याने बसणारी रेनॉक्स डीसीआर-२५० ही भिंगाची जोडणी. ती ८ डायऑप्टर ताकदीची, म्हणून जास्तीत जास्त साडेबारा सेंटिमीटरवर फोकस. काचेला टेकवून पाण्यात साधारण १५-१६ सेंटिमीटर आतपर्यंत. १८-१३५ वर चढवली तर १३५ ला १:१ च्या थोडी वरच जाते. ज्यांचे फ्रॅग काचेलगत जाळीवर आहेत त्यांनी हे दोन्ही मार्ग खुशाल घ्यावेत. ताईंची वसाहत २४ वर होती.

भाड्याने आणून पाहिलं

हिशेब पटला तरी पैसे टाकायच्या आधी डोळ्यांनी पाहावं, म्हणून दोन्ही लेन्स शनिवार-रविवारसाठी भाड्याने आणल्या. वसाहतीच्या शेजारी, त्याच अंतरावर, शाळेतली पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी उभी केली. ६० काचेला टेकवून काढलेल्या फोटोत पट्टीचे साडेपाच सेंटिमीटर मावले. १०० मध्ये तीनपेक्षा थोडे कमी. कागदावरचा हिशेब पाण्यात खरा ठरताना पाहून ताईंनी ते दोन्ही फोटो नववीच्या वर्गाला दाखवायला ठेवून घेतले.

फोटो काढायची पद्धतही त्याच दोन दिवसांत बसली. ट्रायपॉड जमिनीवर, कॅबिनेटला न टेकता, कारण खालच्या सम्पमधून (गाळणीच्या टाकीतून) पाणी वर चढवणाऱ्या रिटर्न पंपाची थरथर कॅबिनेटमधून येते. वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह करणारा पंप) आणि रिटर्न पंप बंद. त्याआधी सम्पमध्ये वरून उतरणाऱ्या पाण्याला जागा आहे ना, ते पाहून घ्यायचं. पाण्यातला कचरा बसायला दहा मिनिटं द्यायची. झोअँथिडचे पॉलिप तोवर शांत होतात. पंप अर्ध्या तासापेक्षा जास्त बंद ठेवायचे नाहीत, त्यासाठी ताईंनी मोबाइलवर गजर लावला. काच आतून मॅग्नेटने आणि बाहेरून मऊ कापडाने पुसायची. हे सगळं करूनही पहिले काही फोटो धूसर आले, कारण कॅमेरा खाली झुकवलेला होता.

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, लेन्सच्या निवडीइतकाच. काचेतून तिरपं पाहिलं की वेगवेगळ्या रंगांचे किरण वेगवेगळे वळतात. पॉलिपच्या एका कडेला निळी आणि दुसऱ्या कडेला पिवळसर रेघ दिसते, आणि उभ्या-आडव्या रेषा एकाच वेळी फोकसमध्ये येत नाहीत. वस्तू जितकी आत, तितका हा दोष मोठा. सव्वा लाखाची लेन्सही त्याला काही करू शकत नाही. उपाय एकच : कॅमेरा झुकवायचा नाही, ट्रायपॉडच खाली उतरवायचा आणि लेन्स काचेशी काटकोनात ठेवायची. ताईंनी मग लेन्सवर रबरी हूड, म्हणजे तोंडाभोवतीची झालर, चढवून तोच काचेला अलगद टेकवला. हूड काचेवर सगळीकडून सारखा बसला म्हणजे काटकोन आपोआप साधतो आणि हॉलचं प्रतिबिंबही कापलं जातं. पोलरायझर (प्रतिबिंब कापणारा फिल्टर) घेऊ का, असं त्यांनी विचारलं होतं. काचेवरचं प्रतिबिंब पोलरायझरने जातं ते साधारण ५६ अंशांच्या तिरक्या कोनात. सरळ समोरून पाहताना त्याचा काडीचा उपयोग नाही, उलट दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे निम्मा प्रकाश).

अपर्चरबद्दल, म्हणजे लेन्समधल्या प्रकाशाच्या भोकाबद्दल, थोडं. एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान. एफ/२.८ ही मॅक्रोच्या नावातली शेखी इथे कामाची नाही. ०.८ पटीला एफ/८ ठेवूनही स्पष्ट दिसणारी जाडी एक मिलिमीटरच्याही आत असते. म्हणून काचेकडे तोंड करून सपाट उघडलेला पॉलिप निवडायचा. एफ/१६ करून जाडी वाढवायचा मोह होतो, पण एवढ्या जवळून खरा परिणाम एफ/२९ सारखा होतो आणि विवर्तनाने (बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरल्याने) सगळंच मऊ पडतं. निकॉनच्या मॅक्रोवर हा बदललेला आकडा कॅमेरा दाखवतो, कॅननवर तो आपण डोक्यात धरायचा. ताईंचं गणित एफ/८ ते एफ/११, शटर १/६०, आणि फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये १० पट मोठं करून हाताने.

माशांचं उत्तर वेगळं निघालं

कोरलसाठी १०० ठरत होती, पण क्लाउनफिशला ती लावली तेव्हा चित्र बदललं. मासा ६ सेंटिमीटरचा. त्याने फ्रेमचा पाऊण भाग व्यापायचा तर ०.२८ पट पुरते. १०० ने तेवढं मिळवायला लेन्स काचेपासून पंचवीस-सत्तावीस सेंटिमीटर मागे न्यावी लागते. मागे गेलं की हूड काचेपासून सुटतो आणि मधल्या जागेतून टीव्ही, खिडकी, आपला पांढरा शर्ट, सगळे काचेत उतरतात. मासा काचेशी आला की अजून मागे. ६० इथे खरंच सोयीची होती.

मग ताईंच्या लक्षात आलं, की घरातल्या १८-१३५ ची कमाल क्षमता ०.२८ पटच आहे. १३५ ला ठेवून, सर्वात जवळच्या फोकसवर, लेन्सचं तोंड काचेच्या अगदी काही बोटांवर येतं. मधली जागा काळ्या कार्डशीटच्या भोकातून लेन्स घालून झाकता येते. “म्हणजे माशांसाठी नवीन काही लागतच नाही?” असं त्या म्हणाल्या, आणि खरंच लागत नव्हतं. माशाचा फोटो नीट न येण्याचं कारण लेन्स नसून प्रकाश होता. क्लाउनफिश सतत डुलत पोहतो, त्याला थोपवायला १/२०० च्या आसपास शटर हवं, आणि डोळ्यापासून कल्ल्यापर्यंत फोकसमध्ये राहायला एफ/८. टँकच्या दिव्यांत हे दोन्ही धरलं तर आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) इतका चढतो की माशाच्या पांढऱ्या पट्ट्यात दाणे दिसतात.

उपाय वरून फ्लॅश. यजमानांकडे जुना स्पीडलाइट (सुटा फ्लॅश) पडून होता. ८०डी चा अंगचा फ्लॅश त्याला बिनतारी पेटवू शकतो. स्पीडलाइट स्टँडच्या आडव्या दांड्याला घट्ट बांधून टँकच्या वर, पाण्यापासून चांगला उंच, आणि मधे दुधी ॲक्रिलिकची पट्टी. समुद्र वरूनच उजळतो, त्यामुळे वरून आलेला प्रकाश माशावर साजतो आणि पाठीमागची काच काळीच राहते. समोरून फ्लॅश मारला तर काच चमकते आणि पाण्यातला प्रत्येक कण ठिपका होऊन उठतो. खारं पाणी आणि वीज एकत्र येणार असल्याने बांधणी दोनदा ओढून पाहायची, यात कुणी हयगय करू नये. फ्लॅशचा झोत इतका क्षणिक असतो की शटरची फिकीर उरत नाही. ज्या दिवशी ताईंनी रॉयल ग्रामाच्या डोळ्यावरून जाणारी काळी रेघ वेगळी, धारदार टिपली, त्या दिवशी तो फोटो मला रात्री उशिरा आला आणि मीही तो खूप वेळ पाहत बसलो.

कोरलला मात्र फ्लॅश वापरला नाही. त्यांचा रंग टँकच्या दिव्यातच पाहायचा असतो.

रंगाचा प्रामाणिकपणा

मूळ तक्रार रंगाची होती, आणि ती लेन्सने सुटणारी नव्हती, हे मी ताईंना खरेदीआधीच सांगितलं. रीफ टँकचे दिवे ४५० नॅनोमीटरच्या आसपासच्या गडद निळ्यावर जोर देतात. कोरलमधली काही प्रथिनं हा निळा शोषून हिरवा, केशरी, लाल प्रकाश बाहेर टाकतात. याच घराण्यातलं हिरवं प्रथिन जेलीफिशमधून १९६२ साली वेगळं केलं गेलं, आणि त्यावरच्या कामाला २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा निळ्या दिव्यात दिसणारं केशरी खोटं नाही, पण ते त्या दिव्यापुरतं आहे. घेणाऱ्याच्या घरी पांढरा दिवा असेल तर त्याला विटकरीच दिसणार.

कॅमेऱ्याची यात वेगळी फसगत होते. निळा चॅनल भरून वाहतो, लाल उपाशी राहतो, आणि एकत्रित हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) मात्र सगळं आलबेल दाखवतो. म्हणून आरजीबी हिस्टोग्राम लावून निळा उजव्या कडेला आपटत नाही ना, ते पाहायचं आणि थोडं काळोखंच एक्स्पोजर घ्यायचं. ८०डी चं केल्विन, म्हणजे दिव्याच्या रंगानुसार पांढरा रंग जुळवायचं सेटिंग, १०,००० पर्यंतच जातं. या दिव्यांना त्याच्या वर लागतं. रॉ फाइल (सेन्सरची कच्ची नोंद) असली की ते नंतर संगणकावर ओढता येतं. पांढऱ्याचा संदर्भ म्हणून ताई न वापरलेला कोरा सिरॅमिक फ्रॅग प्लग, म्हणजे फ्रॅग चिकटवायची बैठक, वसाहतीशेजारी ठेवतात. जुना प्लग चालत नाही, त्याच्यावर कोरलाइन शेवाळाची गुलाबी साय चढलेली असते.

त्यांनी स्वतःच एक नियम केला : प्रत्येक फ्रॅगचे दोन फोटो पाठवायचे. एक टँकच्या दिव्याचा पांढरा चॅनल वाढवून, एक नेहमीच्या निळ्यात, आणि खाली कुठला कशात ते लिहायचं. माझ्या मते या प्रकरणातला हा सगळ्यात मोलाचा निर्णय, आणि त्याला एक रुपयाही लागला नाही. प्लग हलवताना, फ्रॅग कापताना ताई हातमोजे आणि चष्मा घालतात. झोअँथिडच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं, ते जखमेतून, डोळ्यांतून किंवा वाफेतून अंगात गेलं तर जिवावर बेततं. फोटोसाठी वसाहत जागची हलवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

खरेदी

कॅननच्या १०० मॅक्रोचे दोन अवतार आमच्यासमोर होते. २००० सालचा साधा यूएसएम आणि २००९ सालचा लाल पट्टीचा, हाताची थरथर थोपवणाऱ्या आयएसचा. आयएस उत्तमच आहे, पण कॅमेरा ट्रायपॉडवर आणि हूड काचेला टेकलेला असताना थोपवायला थरथर उरतच नाही, आणि पोहणाऱ्या माशाला आयएस थांबवत नाही. म्हणून जुना, सेकंडहँड घ्यायचं ठरलं. तो पंचवीस हजारांच्या आत मिळाला. उरलेल्या पैशांत रबरी हूड आणि ट्रायपॉडसाठी फोकसिंग रेल आली. रेलमुळे कॅमेरा मिलिमीटर-मिलिमीटरने पुढे सरकवता येतो.

पहिली बघितलेली लेन्स मात्र आम्ही परत दिली. बाहेरून नव्यासारखी, पण अपर्चर उघडं ठेवून मागून टॉर्च मारला तर आतल्या भिंगाच्या कडेला पांढऱ्या, बारीक फांद्या फुटलेल्या. बुरशी. मुंबई-ठाण्याच्या हवेत चार पावसाळे कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला ही लागतेच. सेकंडहँड घेताना टॉर्चशिवाय जाऊ नये. दुसरी लेन्स स्वच्छ निघाली. अपर्चरची पाती कोरडी, फोकसची मोटर पूर्ण फेरा मारताना कुठे अडकत नव्हती.

टँक असलेल्या घरात लेन्स जपणं जास्त कठीण. बाष्पीभवन सतत चालू, बुडबुडे फुटून खाऱ्या पाण्याचे तुषार उडतात आणि सुकून मिठाची पूड बसते. ताईंनी लेन्स हॉलमध्ये ठेवणं बंद केलं. आतल्या खोलीत हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा, वर गेला की जेल तापवून घ्यायचं. फोटो झाले की हूड गोड्या पाण्याने धुवायचा आणि लेन्सचं अंग किंचित ओलसर कापडाने पुसून मग कोरडं करायचं.

टँक वेगळा असता तर

कोरल काचेपासून दहा-बारा सेंटिमीटरांत असतं, तर मी ६० घ्या म्हटलं असतं, किंवा आधी रेनॉक्स. टँक ६० सेंटिमीटर खोल असता, तर १०० सुद्धा मागच्या भागाला अपुरी पडली असती, आणि कॅननची १८० मॅक्रो पाहावी लागली असती. तिचं वर्किंग डिस्टन्स साधारण २४ सेंटिमीटर, पण वजन किलोच्या वर आणि किंमत या घराच्या हिशेबात न बसणारी. समोरची काच बाक दिलेली असती, तर कुठलीच मॅक्रो नीट चालली नसती. तिथे वरून, पंप बंद करून, तळाशी ॲक्रिलिक लावलेला डबा पाण्याच्या पृष्ठभागावर टेकवून फोटो काढावे लागतात.

ताईंच्या टँकमधलं लेदर कोरल अजून निम्म्या आकारातच येतं. पुढच्या टेकाडावर आणलं तर ते ०.८ पर्यंत येईल, हे त्यांना माहीत आहे. पण मागच्या कोपऱ्यातला मंद प्रवाह त्याला मानवला आहे, तिथे ते दिवसभर पूर्ण उघडलेलं असतं, आणि मागे एकदा जागा बदलली तेव्हा ते बरेच दिवस मिटून बसलं होतं. त्यामुळे ते तिथेच राहणार, आणि त्याची महिन्याची नोंद अर्ध्या पटीच्याच फोटोने होणार, असं त्यांनी वहीत लिहून ठेवलं आहे.